जॅक उचलतो, घोडी धरते

नाशिक हे उंच गाड्यांचं गाव आहे. स्कॉर्पिओ इथल्याच महिंद्राच्या कारखान्यात बनते. दिंडोरी-निफाडकडे जा, द्राक्षबागेच्या बांधावर उंच बोलेरो उभी दिसणारच. आसपासच्या मातीच्या रस्त्यांवर 'रॅली ऑफ महाराष्ट्र' धावली, तेव्हा लोक धूळ खायला हौसेनं जायचे. अशा गावात माझी गाडी म्हणजे लग्नाच्या पंगतीत जमिनीवर बसलेला एकटा माणूस. बाकी सगळे टेबल-खुर्चीवर.

गाडी आहे पहिल्या पिढीतली होंडा सिटी, १.५ व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवरची. आधीच्या मालकानं स्प्रिंग बदलून ती आणखी खाली बसवलेली. अस्सल स्पोर्ट्स कार नाही, हे मान्य. पण तशा आपल्याकडे बनल्या तरी किती? बंगळूरच्या सॅन मोटर्सची फायबरच्या अंगाची 'स्टॉर्म' आली आणि विस्मरणात गेली. दिलीप छाब्रियांची 'अवंती' २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये झळकली, पण रस्त्यावर क्वचितच दिसली. त्यामुळे माझ्यासारख्यांची स्पोर्ट्स कार म्हणजे जुनी, हलकी, वेगाची आवड असलेली सेडान, जमिनीला जितकी चिकटवता येईल तितकी चिकटवलेली.

अशा गाडीचे ब्रेक पॅड घरी बदलायचे म्हटलं, की पहिला प्रश्न पान्याचा नसतो. जॅक खाली शिरेल का, हा असतो. साधा दोन टनी ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाही साधारण १३० मिलिमीटर उंच असतो. माझ्या गाडीची कड, जिथे जॅक लावायचा तिथे, जमिनीपासून १२० मिलिमीटरवर आहे. एका सेंटिमीटरसाठी अख्खं काम अडतं.

आणि आमच्या घरात या एका सेंटिमीटरच्या आधी आई उभी होती.

मी चौथीत असताना आम्ही सिडकोत राहायचो. गल्लीतले एक काका दर रविवारी आपली जुनी व्हॅन धुवायचे, ठोकायचे, खोलायचे. श्रावण होता, जमीन भिजलेली. त्यांनी गाडीबरोबर मिळालेला स्क्रू जॅक मातीवरच लावला, चाक काढलं आणि काहीतरी बघायला खाली सरकले. जॅकचा पाय मातीत एका बाजूनं रुतला आणि गाडी कलली. बाबा आणि आणखी सात जणांनी ती हातांनी उचलली. काका वाचले नाहीत. बाबा घरी आले, मोरीत बराच वेळ हात धूत राहिले, आणि त्या दिवशी आईनं नियम केला: या घरातलं कुणी गाडीखाली जाणार नाही. पुढे पंधराएक वर्षं आमच्या गाडीचं ऑइलसुद्धा गॅरेजमध्येच बदललं गेलं.

बाबा सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला होते. टनांची यंत्रं हलवण्यात त्यांची नोकरी गेली. मी सिटी घेतली आणि काम स्वतः करायचं म्हणाले, तेव्हा आई काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. बाबा म्हणाले, "अगं, जॅकची भीती बाळग, गाडीची नको. जॅक उचलायला असतो, धरायला नाही. धरायला घोडी लागते." घोडी म्हणजे जॅक स्टँड. आमच्या घरात त्याला हाच शब्द आहे.

यामागचं यंत्र समजून घेतलं की भीती जरा नेमकी होते. हायड्रॉलिक जॅकमध्ये आपण दांडा मारतो तेव्हा छोटा दट्ट्या तेल ढकलतो आणि तो दाब मोठ्या दट्ट्याला वर लोटतो. शाळेतला पास्कलचा नियम. म्हणजे टनभराच्या गाडीचा तो कोपरा तेलावर उभा असतो, आणि ते तेल अडवून धरतात एक रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा कण अडकला किंवा सील फाटलं, की गाडी खाली. कधी हळूहळू, कधी एकदम. घोडीत तेल नसतं. लोखंडावर लोखंड टेकलेलं असतं, मधे एक पिन किंवा दाते.

अर्थात लोखंडही आंधळेपणानं मानायचं नाही. २०२०मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीनं लाखो जॅक स्टँड परत मागवले, कारण त्यांचे दाते भाराखाली सटकू शकत होते. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. म्हणून बाबांनी माझ्यासाठी आरपार पिनच्या घोड्या निवडल्या आणि दुकानातच प्रत्येक वेल्डवरून बोट फिरवून पाहिलं. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर विसराच. आपल्याकडे 'विटांवर उभी गाडी' हे ओळखीचं दृश्य आहे, पण वीट न सांगता तडकते. लाकूड निदान आधी कुरकुरतं.

आता तो एक सेंटिमीटर. कमी उंचीचा जॅक मिळतो, ७५-८० मिलिमीटरचा. तो घेईपर्यंत आम्ही सुताराकडून चाळीस मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या आणल्या, एका टोकाला उतरत्या तासलेल्या. पुढची दोन्ही चाकं हळूच त्यांवर चढवली की गाडीचं नाक तेवढंच वर येतं आणि जॅक आत सरकतो.

पण त्याआधी जागा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला आहे. डोळ्यांना तो दिसत नाही. बाबांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे पळतं ते पाहिलं. जिथे ते जागीच पसरलं, तिथे गाडी लावली. जमीन सपाट हवी तशी टणकही हवी, आणि ट्रॉली जॅकसाठी गुळगुळीतसुद्धा. कारण जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. उचलताना जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं सरकावं लागतं. पेव्हर ब्लॉकच्या फटीत त्याचं चाक अडकलं, तर जॅकऐवजी त्याच्या माथ्यावरची गाडी सरकते.

मग चाकं अडवायची. इथे बहुतेक जण 'हँडब्रेक ओढलाय की' म्हणून मोकळे होतात. हँडब्रेक सहसा मागच्या चाकांना लागतो. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. पुढचं एक चाक हवेत गेलं की गिअरची पकड संपते, कारण ते चाक मोकळं फिरू शकतं. मग गाडी धरतात फक्त मागची चाकं: हँडब्रेक, आणि पुढे-मागे लावलेले दगड. मागचं टोक उचललं तर उलट, हँडब्रेक हवेत आणि गिअर जमिनीवर. आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, जशा बऱ्याच खऱ्या स्पोर्ट्स कार असतात, तर मागचं टोक उचलताच गिअर आणि हँडब्रेक दोन्ही हवेत. उरतात पुढच्या चाकांचे दगड. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड, दोन्ही बाजूंनी, दरवेळी.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. हवेतल्या गाडीला पान्यानं हिसके द्यायचे नाहीत. जॅक लावायचा तो कडेच्या पत्र्याच्या शिवणीवर, जिथे कंपनीनं दोन खाचा दिल्यात तिथे, मधे खाच पाडलेला रबराचा ठोकळा ठेवून. प्लॅस्टिकच्या स्कर्टवर नाही, ऑइलच्या चेंबरवर नाही. थोडी उचलायची, थांबायचं, चारही बाजूंनी बघायचं, मग पुढे. दुसऱ्या मजबूत जागी घोडी सरकवायची, पिन आरपार आहे ना ते बोटानं चाचपायचं, आणि गाडी हळूच घोडीवर उतरवायची. जॅक काढायचा नाही, नुसता टेकवून ठेवायचा. काढलेलं चाक कडेखाली आडवं सरकवायचं. सगळं फसलं तरी गाडी आधी चाकावर पडेल.

आणि मग धक्का द्यायचा. दोन्ही हातांनी, कंबर लावून. गाडी घोडीवरून घसरायचीच असेल, तर आपण बाहेर असताना घसरू दे.

गाडीखाली पाठीवर झोपून फोन छातीशी धरून काढलेले रील्स तुम्हीही पाहिले असतील. मला त्यात माणूस दिसत नाही, आधी कोपऱ्यात घोडी आहे का ते दिसतं. बऱ्याचदा नसते. फोन जवळ असावाच, पण हात पोचेल असा, जमिनीवर. आणि घरात कुणाला तरी सांगितलेलं असावं की मी खाली आहे.

त्या रविवारी तयारीला चाळीस मिनिटं गेली, दोन्ही बाजूंच्या पॅडना तासभर. एका वेळी एकच बाजू उचलली. पॅड बदलायला गाडीखाली जावं लागतही नाही, पण बाबा म्हणाले, सवय हात घालायच्या कामापासूनच लागते. शेवटी चाक बसवून, गाडी उतरवून, नट समोरासमोरचे घेत १०८ न्यूटन मीटरला आवळले. पहिल्यांदा ब्रेक दाबून चालणार नव्हतं, पॅडल टणक होईपर्यंत जागेवरच चार-पाच वेळा दाबायचं होतं. तेही केलं.

मधे, उजवी बाजू हवेत असताना, आई खाली आली. हातात चहा नव्हता, काही नव्हतं. तिनं विचारलं, "घोडी कुठाय?" मी दाखवली. ती वाकली, पिन बघितली. मागच्या चाकाचे दगड पायानं लोटून पाहिले. मग तिनं पदर खोचला, बोनेटच्या कडेला दोन्ही हात लावले आणि इतक्या जोरात धक्का दिला की बाबासुद्धा एक पाऊल मागे सरले.

गाडी हलली नाही. आई म्हणाली, "कर आता," आणि जिन्याकडे वळली.