हवा थोडी कमी

आमच्या गॅलरीत आठ महिने एक सायकल जुन्या चादरीखाली उभी होती. सायकल सुनेची. चादर तिनंच घातली होती. पण ती वेळ आणली मी.

लग्न होऊन ती वडोदऱ्याला आली तेव्हा तिच्या सामानातल्या दुसऱ्या कशापेक्षा या सायकलचीच चर्चा आमच्या बिल्डिंगमध्ये जास्त झाली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर जाडजूड, खाचांचे. "ही ग्रॅव्हल बाईक, आई," तिनं सांगितलं. ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी रस्त्यावरच्या सायकलीचा टायर २५-२८ मिलिमीटर रुंद असतो, हिचा चाळीसच्या घरात. डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर. डांबर संपून मुरूम, माती, गोटे सुरू झाले की बाकीच्या सायकली परत फिरतात, ही पुढे जाते. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ पासून अशा रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते, आणि २०२२ मध्ये इटलीत पहिली जागतिक स्पर्धासुद्धा झाली. मी आपली मान डोलावली. मनात म्हटलं, चांगला रस्ता सोडून खड्ड्यांत जायला इतके पैसे?

दर रविवारी पहाटे ती आणि तिचे मित्रमैत्रिणी हालोल, जांबुघोडा, छोटाउदेपूरकडे जात. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरी, कारण आमच्याकडे रात्रीचं जेवण नाही. बाजारातल्या शक्तिवर्धक वड्यांत मध असतो म्हणून ती स्वतः खजूर-शेंगदाण्याच्या वड्या करून न्यायची. तक्रारीला जागा ठेवलेली नव्हती. तरी मला ते आवडत नव्हतं, हे खरं.

मग तिला दिवस गेले. कळल्या दिवसापासून ती सायकलवर बसली नाही. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, की सुरुवातीच्या महिन्यांत असं होतं त्यात बहुतेकदा गर्भाच्या घडणीतच दोष असतो. आईच्या चालण्याबोलण्याचा, सायकलचा त्याच्याशी संबंध नाही. मी ऐकलं, होकार दिला. आणि तीन दिवसांनी फोनवर माझ्या नणंदेला म्हणाले, "इतकं दगडधोंड्यांतून आदळत फिरल्यावर दुसरं काय होणार?"

मागे वळले तर ती स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सायकलवर चादर आली.

पुढचे आठ महिने घरात काही बिघडलं नाही, हेच वाईट. "आई, भाजी काय करू?" "आई, तुमची गोळी घेतलीत?" सगळं जागच्या जागी. माफी मागावी असं रोज वाटे. पण सासूपण मोठं चिवट असतं. त्यातून, तिनं ऐकलंच नसेल, अशी एक पळवाट मी मनाशी धरून ठेवली होती. एकदा केर काढताना चादर सरकली, तर दोन्ही टायर बसलेले. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी हाक मारली, "अगं, यात हवा भरून दे ना. मी चालवून बघते."

मी सांगलीची. कॉलेजला असताना वडिलांच्या काळ्या अ‍ॅटलासवर अख्खं गाव पालथं घातलेलं. लग्नानंतर तीस वर्षं सायकलला हात नाही. कमाटीबागेजवळ रविवारी पहाटे पुन्हा शिकले. आधी ती मागून धावायची, मग शेजारून दुसरी सायकल घेऊन यायची. ओढणीच्या जागी हेल्मेट आलं. आम्ही बोलायचो ते फक्त ब्रेक आणि गिअरबद्दल. तेवढंही पुष्कळ होतं.

चार महिन्यांनी, फाल्गुनात, ती म्हणाली, "आई, जांबुघोड्याला येता?"

मुलानं गाडीवर दोन्ही सायकली बांधल्या. अंधारातच निघालो. हालोलच्या पुढे उजाडलं तेव्हा पावागढ दिसत होता. लव-कुशांची निर्वाणभूमी म्हणून आपण त्या डोंगराला हात जोडतो. त्याच डोंगरात आमची विश्वामित्री उगम पावते, हे मात्र मला तिनं सांगितलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जिनं अर्धं वडोदरा पाण्याखाली घातलं ती नदी इथून निघते! शिवराजपूरनंतर डोंगर जवळ आले. जांबुघोड्याचं अभयारण्य १९९० सालचं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. साग, बांबू, मोह. अस्वल आणि बिबळ्या आहेत, म्हणून परवानगी असलेली वाटच धरायची आणि उजेडीच परतायचं. धनपरीच्या कॅम्पजवळ आम्ही सायकली उतरवल्या.

निघण्याआधी ती खाली बसली आणि माझ्या टायरमधली हवा सोडायला लागली. मी घाबरले. "अगं, भरलेली हवा कशाला काढतेस?"

"टायर कडक असला की प्रत्येक दगडावर उडतो, आई. थोडी हवा कमी असली की तो दगडाला अंगावर घेतो आणि पुढे जातो. हातसुद्धा सैल ठेवा. हँडल आवळून धरलंत तर सगळे धक्के खांद्यात येतील."

पहिला उतार णमोकार म्हणत उतरले. नजर पुढच्या चाकावर खिळलेली. आपले मुनी चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, तेवढंच मला ठाऊक. तिनं ओरडून सांगितलं, "दगडाकडे बघू नका, दगडाकडेच जाल! जायचंय तिकडे बघा!" तोपर्यंत मी दगडावर गेले होते. सागाच्या वाळल्या पानांत पडले, कोपर खरचटलं. ती धावत आली. दोघीही हसलो. बऱ्याच महिन्यांनी.

पुढे पळस लाल फुलला होता. वडोदऱ्यात आपणही त्याला केसुडोच म्हणतो. एका मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली होती, म्हणजे पडलेलं फूल लगेच दिसावं. अजून फुलं गळायला लागायची होती. टोपली घेऊन चाललेल्या एका राठवा बाईनं माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि सायकलीकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

दरीत एका कोरड्या ओढ्यापाशी थांबलो. या डोंगरांतलं पाणी ओढ्याओढ्यांनी ओरसंगेला मिळतं, आणि ओरसंग चांदोदला नर्मदेला. त्या दिवशी तिथं नुसते गोटे होते. तिनं खजुराची वडी हातावर ठेवली. मी ती तशीच धरून बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी फोनवर मी जे बोलले, ते खोटं होतं. मला तेव्हाही माहीत होतं."

ती बराच वेळ गोट्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "सायकल मी आधीच बंद केली होती, आई. एक दिवससुद्धा बसले नव्हते. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून जास्त लागलं."

"होय," मी म्हटलं. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतंच.

"मला वाटलं होतं, तुम्ही कधी बोलणारच नाही," ती म्हणाली आणि रडली. मीही.

एवढ्यानं सगळं पुसलं गेलं, असं नाही. बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. पण त्यानंतर ती माझ्याशी भांडायला लागली. भाजीत तिखट जास्त झालं तर सांगते, मी उगाच बोलले तर "आई, पुरे" म्हणते. घर पुन्हा घरासारखं वाटतं. नणंदेलाही मी फोन करून सांगितलं, की माझं त्या वेळचं बोलणं चूक होतं. तो फोन जास्त अवघड गेला.

मैत्रिणींनो, एखादीच्या घरी असं झालं की आपण बायकाच आधी कारण शोधायला लागतो. जिना चढली, वाकली, गाडीवर बसली. कारण सापडलं की आपल्याला बरं वाटतं, आणि ज्या पोरीचं गेलेलं असतं तिला ते जन्मभर बोचतं. आणि असं काही बोलून बसला असाल, तर क्षमावाणीची वाट पाहू नका. त्या दिवशी सगळ्यांना मिळून हात जोडले जातात आणि जिला खरं सांगायचं ती गर्दीत राहून जाते. तिच्याकडे एकटीनं जा.

चादर आता पुसण्याला फाडली. सायकलींची साखळी पुसायला बरी पडते.