प्रशिक्षणानंतरची अंगणवाडी

अंगणवाडीताईंच्या प्रशिक्षणाचा शेवटचा तास उत्तरचाचणीचा असतो. पूर्वचाचणीतले गुण आता वाढलेले असतात, अभिप्रायाचे फॉर्म भरून होतात आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्याचा अहवाल वर जातो. बालशिक्षणाच्या कामानिमित्त नगर जिल्ह्यात हिंडताना माझं एक मत पक्कं होत गेलं. त्या गुणांवरून ताईंच्या लक्षात काय राहिलं एवढंच कळतं. मुलांच्या पदरात काय पडलं, हे बघायचं तर दोन-तीन महिन्यांनी अंगणवाडीतच जाऊन बसावं लागतं.

पाथर्डी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी अशीच बसले होते. ताईंनी भाज्यांचा तक्ता धरला. ‘हे काय?’ ‘वांगंऽऽ!’ सगळा वर्ग एका सुरात. मग त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या एका मुलीला विचारलं, ‘कारखान्यावर तुमची कोपी कशी होती गं?’ मुलगी गप्प. ताईही गप्प राहिल्या. पुष्कळ वेळ गेला. मग ती म्हणाली, ‘पाचटाची. पाऊस आला की बाबा वरून कागद टाकायचे.’ लगेच एक मुलगा सरसावला, ‘आम्ही बैलांना वाढं टाकायचो.’ पाहता पाहता काड्या गोळा झाल्या आणि जमिनीवर कोपी, म्हणजे ऊसतोड कामगारांची ती झोपडी, उभी राहू लागली. कुणी काड्या मोजत होतं, कुणी कोपीचं दार कुठं ठेवायचं यावरून भांडत होतं.

‘मुलांना मोकळे प्रश्न विचारा’ हे ताईंनी प्रशिक्षणात ऐकलं होतं. उत्तराची वाट पाहायला मात्र त्या वर्गातच शिकल्या. ‘आधी मीच उत्तर सांगून टाकायचे,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या पर्यवेक्षिका मॅडम एकदा शेजारी बसल्या आणि मुलं गेल्यावर म्हणाल्या, ताई, जरा थांबून बघा.’ सभागृहातल्या कित्येक व्याख्यानांनी जे साधलं नसतं, ते त्या एका वाक्यानं साधलं, कारण ते नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी आलं.

बायकांना शिकवून उभं करणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, त्यात इथल्या मिस फरार यांच्या संस्थेचा वाटा होता. पुढे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम उभारलं. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या एकदाच शिकून गेल्या नाहीत. पुन्हा पुन्हा जामखेडला यायच्या, गावात आलेली अडचण मांडायच्या, एकमेकींकडून शिकायच्या आणि परत जायच्या. त्या शिक्षणाचं मोजमाप गावात झालं. १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला तिथला अर्भकमृत्यूदर १९९६ पर्यंत २६ वर आला. जिल्ह्याबाहेर, ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथं आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या अंगणात जाऊनच बालशिक्षणाची रीत घडवली.

आज संधी मोठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. २०२३ पासून अंगणवाडीत पोषणाबरोबर शिक्षणावर भर देणारा ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला, पाठोपाठ तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. पण दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. एका अंगणवाडीचा पट उतरतो आणि कारखान्यालगतच्या अंगणवाडीच्या दाराशी अनोळखी मुलं येऊन उभी राहतात. अकोले तालुक्याच्या डोंगरात मूल ठाकरी बोलत येतं. या तिन्ही ठिकाणच्या ताईंना एकच पुस्तिका देऊन भागणार नाही. प्रशिक्षण आखण्याआधी त्यांना विचारायला हवं की तुमच्याकडे येणारं मूल कुठून येतं, घरी काय बोलतं, किती महिने राहतं? आणि या आखणीत मदतनीस ताईही हव्यात. सेविका मीटिंगला गेल्या की वर्ग त्याच सांभाळतात.

मूल्यमापनाला फार साधनं लागत नाहीत. कोपऱ्यात दहा मिनिटं बसावं. जास्त कोण बोललं, ताई की मुलं? प्रश्न विचारल्यावर ताई थांबल्या का? मागे बसणारं मूल आज बोललं का? हे टिपून घ्यावं आणि त्याच दिवशी ताईंशी त्यावर बोलावं. मात्र ही तपासणी होता कामा नये. वजनं, आहार, गृहभेटी आणि मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर या साऱ्याचा भार वाहणारी बाई आणखी एका तपासणीला घाबरून फक्त दाखवण्यापुरतं शिकवील. शेजारी बसलेलं माणूस आपल्या बाजूचं आहे, ही तिची खात्री पटायला हवी.

म्हणून प्रशिक्षणाच्या वेळेतला आणि निधीतला ठरावीक वाटा अंगणवाडीत जाऊन बसण्याच्या या परतभेटींसाठी आधीच राखून ठेवावा, आणि त्या भेटी झाल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण झालं असं धरू नये. अहवालात ताईंच्या गुणांबरोबर मुलांची चार वाक्यंही लिहिलेली असावीत. ती वाक्यं वाचूनच पुढचं प्रशिक्षण आखावं.