चिखल्या

मनुष्य आपल्या मुखाची निगा राखतो, केसांस तेल लावतो, हातांचीं नखें काढतो; परंतु जे पाय दिवसभर सर्व देहाचा भार वाहतात त्यांच्याकडे, कांटा मोडेपर्यंत, तो फारसें पाहत नाहीं. प्रस्तुत विषय वार्षिक अंकास शोभेल कीं नाहीं, अशी शंका माझ्या एका सहकारी मित्रांनीं बोलून दाखविली. "सहलीचें वर्णन लिहा, एखादें चरित्र लिहा, चिखल्यांवर कोणी लेख लिहितें काय?" असें ते म्हणाले. तथापि ज्या विषयांत माझ्या हातून चूक घडली, व जिच्यापासून मी कांहीं शिकलों, तो तुमच्यापुढें ठेवणें मला कर्तव्य वाटतें.

आपला परभणी जिल्हा काळ्या मातीचा. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतून गोदावरी वाहते, आणि तिच्या दोहों बाजूंस कापसाला मानवणारी ही जमीन पसरली आहे. उन्हाळ्यांत तींत हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पण मृगाचा पाऊस झाला कीं तीच माती लोण्यासारखी मऊ होऊन पायांस चिकटते. अशा रानांत पायताण घालून दहा पावलें चालून पाहावें. प्रत्येक पायास शेर शेर चिखल लागतो, व अखेर पायताण हातांत घ्यावें लागतें. म्हणून आमच्याकडील पुष्कळ शेतकरी पावसाळ्यांत अनवाणीच चालतात. निंदण-खुरपणीच्या दिवसांत बायामाणसें सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ओल्या मातींत असतात. मग आषाढ-श्रावणांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडें पांढरें पडून सोलवटतें, चिरा पडतात, आग होते, आणि रात्रीं अशी खाज सुटते कीं झोंप उडून जाते. यासच आपण चिखल्या म्हणतों. हा रोग इतका परिचयाचा आहे कीं त्यास रोग म्हणण्यासही लोक तयार नसतात.

कांहीं वर्षांपूर्वीं मी आठवीचा वर्गशिक्षक होतों. त्या वर्षीं श्रावणांत झड लागली होती. मुलांनीं बूट व मोजे घालून यावें असा शाळेचा नियम होता, आणि तो काटेकोरपणें पाळला जातो याचा मला अभिमान वाटत असे. एके दिवशीं तास चालू असतां मागच्या बांकावरील एका मुलानें बांकाखालीं बूट काढून ठेवल्याचें माझ्या दृष्टीस पडलें. ओल्या मोज्यांचा वास वर्गांत पसरला होता व आजूबाजूचीं मुलें नाकें दाबून हसत होतीं. मीं त्यास उभें केलें, आणि पायांस वारा द्यावयाचा असेल तर रानांत जावें, शाळेंत येऊं नये, असें सर्वांदेखत सुनावलें. मुलें पुन्हां हसलीं. तो कांहीं बोलला नाहीं. खालीं मान घालून त्यानें ते ओले बूट पुन्हां पायांत चढविले.

पुढील आठवड्यांत तो शाळेंत आला नाहीं. हजेरीपटावर सहा दिवस त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली, तेव्हां कोठें माझ्या मनांत चुटपुट सुरू झाली. शनिवारीं दुपारीं मी त्याच्या गांवीं गेलों. डांबरी सडक सोडल्यावर दोन किलोमीटर कच्ची वाट होती. पहिल्या शंभर पावलांतच माझे बूट चिखलानें जड झाले. ते हातांत घेऊन मी अनवाणी त्या घरापाशीं पोहोंचलों. हा मुलगा रोज याच वाटेनें येतो व आल्यावर त्याच ओल्या पायांवर मोजे चढवून पांच तास बसतो, हें तोंवर मला ठाऊकच नव्हतें. खरें सांगावयाचें तर मीं तें कधीं विचारलेंही नव्हतें.

दारांत त्याची आजी होती. तिनें बादलीभर पाणी पुढें ठेवलें व खांद्यावरचें धडपें माझ्या हातांत दिलें. मी पाय धुऊन तसाच आंत निघालों, तोंच ती म्हणाली, "थांबा गुरुजी, बोटांच्या मधलं पुसा आदी. पाण्यानं चिखल जातो, पर वल कुठं जाती?"

मुलगा बाजेवर पडला होता. त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत सुजला होता, बोटांवर फोड आले होते, आणि अंगांत ताप होता. चिखल्यांनीं एवढें होत नाहीं, हें मलाही कळत होतें. चौकशी करतां समजलें तें असें: ज्या दिवशीं मीं त्यास सुनावलें त्याच रात्रीं, एका रात्रींत पाय बरे करून शाळेंत जावें म्हणून, कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यानें बेचक्यांत बिब्याचें तेल भरलें होतें. बिबा उतला. आजी त्या दिवसांत लेकीकडे गेली होती. ती परत येईपर्यंत लाजेनें त्यानें पाय कोणास दाखविला नाहीं.

"आजी, चूक माझी आहे," असें मी म्हणालों व घडलेला प्रकार सांगितला. म्हातारी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "रोग ल्हान व्हता, गुरुजी. लाजंनं थोर केला." त्या वाक्याइतकी कडक शिक्षा मला कोणीं केल्याचें स्मरत नाहीं.

फोडांवर तिनें खोबरेल लावलें होतें. पण ताप पाहून ती स्वतःच म्हणाली कीं आतां हें माझ्या हातचें काम नव्हे. संध्याकाळीं आम्हीं त्यास गाडीवर बसवून परभणीस डॉक्टरांकडे नेलें. फोडांतून जंतू आंत शिरले होते. दहाबारा दिवसांच्या औषधोपचारानें पाय वांचला व पुढें पूर्ण बरा झाला.

त्या डॉक्टरांनीं मला जें समजावून सांगितलें, व त्या आजीनें आपली जी पद्धत सांगितली, त्यांत मला कांहींच विरोध दिसला नाहीं. म्हणून दोन्हींचा सारांश येथें देतों. सतत ओलीनें बेचक्यांतील कातडें प्रथम नुसतें फुगतें. अशा कातड्यावर एक सूक्ष्म बुरशी वाढते. शिळ्या भाकरीवर येणाऱ्या बुरशीची ती दूरची नातलगच म्हणावी. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या निर्जीव थरांतील केराटिन नांवाचें द्रव्य हेंच तिचें अन्न. तिला ओल, ऊब व अंधार मिळाला कीं पुरे. आणि ओल्या मोज्यावर चढविलेला बूट तिला हीं तिन्ही एकाच ठिकाणीं पुरवितो. म्हणजे शेतकऱ्यास चिखल जें करतो, तेंच शहरांतील मुलास त्याचा बूट करतो. एकाचा टॉवेल वा मोजा दुसऱ्यानें वापरला, किंवा सार्वजनिक न्हाणीघरांत अनवाणी वावरलें, तरी तिचा प्रसार होतो.

आतां घरगुती उपायांकडे वळूं. आजीचा पहिला उपाय औषध नव्हताच: रानांतून आल्याबरोबर पाय स्वच्छ धुणें, प्रत्येक बेचकें जुन्या सुती फडक्यानें पुसणें, आणि चुलीजवळ उबेस थोडा वेळ पाय मोकळे सोडून बसणें. त्यानंतर ती मेंदीचा ताजा पाला वाटून बोटांमध्यें भरी व तो वाळेपर्यंत पाय हालवूं देत नसे. हा उपाय निराधार नाहीं. मेंदींत लॉसोन नांवाचें जें रंगद्रव्य असतें, त्याच्या अंगीं बुरशीची वाढ रोखण्याचा गुण असल्याचें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. शिवाय पाला वाळतांना कातडेंही कोरडें होतें. मात्र मेंदी परसांतील झाडाची असावी. बाजारांतील काळ्या मेंदींत केसांस लावावयाचीं रसायनें मिसळलेलीं असतात व त्यांनीं त्वचा भाजते. कडुनिंबाचा पाला उकळलेल्या कोमट पाण्यानें पाय धुण्याचाही प्रघात आहे, व धुतल्यावर पाय पुसले तर त्यापासून अपाय नाहीं. हळद-तेलाविषयीं इतकेंच कीं, कोरड्या टांचांच्या भेगांस तेल उत्तम; पण ओल्या बेचक्यांत तेल भरल्यानें ओल आंतच कोंडते.

कच्ची लसूण ठेचून बांधण्याची चाल कोठें कोठें आहे. व्हेनेझुएला देशांतील संशोधकांनीं १९९६ सालीं लसणींतील अजोईन नांवाच्या द्रव्याचें मलम याच रोगावर वापरून चांगला गुण आल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु शुद्ध केलेलें मलम निराळें व ठेचलेली लसूण निराळी. कच्च्या लसणीनें फोड येतात. बिबा, रॉकेल, चुना व बॅटरींतील पाणी यांस तर पायाजवळही येऊं देऊं नये.

येथें पालकांस दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. घरगुती उपाय पंधरवडाभर करूनही गुण न आल्यास, पाय सुजल्यास, पू आल्यास किंवा ताप भरल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. घरांत कोणास मधुमेह असेल तर त्यांनीं पायांची लहानशी चीरही पहिल्या दिवशींच दाखवावी. चट्टा फिकट असून त्यास खाज नाहीं व स्पर्शही कळत नाहीं, असें असेल तर तें गजकर्ण समजून बसूं नये. तो कुष्ठरोगाचा आरंभ असूं शकतो, आणि तोही आज औषधानें पूर्ण बरा होतो. दुकानांतून मनास येईल तें मलम आणणेंही तितकेंच घातक. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतें. त्यानें खाज थांबते, पण बुरशी निर्धास्त वाढते. आपल्या देशांत अलीकडे गजकर्णाची एक हट्टी जात फैलावली असून नेहमींचीं औषधें तिला पुष्कळदां लागू पडत नाहींत. २०२० सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं तिचें ट्रायकोफायटन इंडोटिनी असें नामकरण केलें. त्या नांवांत आपल्या देशाचें नांव आहे, ही कांहीं भूषणाची गोष्ट नव्हे.

पायांच्या रोगाकडे पाहणें हें कमीपणाचें काम नव्हे, याचें एक उदाहरण आपल्याच प्रांतांतलें आहे. १८५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रे यांच्या शरीरशास्त्रावरील जगद्विख्यात ग्रंथांतील चित्रें ज्यांनीं काढलीं, ते हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षीं मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं शिकविलें व पुढें साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केलें. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायांत कांटा मोडून वा जखम होऊन मातींतील बुरशी खोलवर शिरते व पाय विद्रूप होतो, त्या मायसेटोमा नांवाच्या भयंकर रोगाचा त्यांनीं वर्षानुवर्षें अभ्यास केला आणि १८७४ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. चिखल्यांहून तो रोग सर्वस्वीं निराळा. परंतु इतका मोठा चित्रकार व वैद्य शेतकऱ्याच्या पायापाशीं बसला, आणि मला माझ्या विद्यार्थ्याच्या पायाकडे पाहण्यास सहा दिवस लागले, ही तुलना मला आजही लाजविते.

तो मुलगा परत आला त्या दिवशीं मीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. मुख्याध्यापकांशीं बोलून एक लहानशी सोय केली: पावसाळ्यांत व्हरांड्यांत दोरी बांधलेली असते, मुलें आल्यावर पाय धुतात, जुन्या सुती कापडानें पुसतात, ओले मोजे दोरीवर टाकतात, आणि पाय कोरडे होईपर्यंत चपला घालून वर्गांत बसतात. कोणी पाहुणे आले म्हणजे मोज्यांची ती रांग त्यांस विचित्र वाटते. मला वाटत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, येत्या पावसाळ्यांत पाय धुवा, त्याहून अधिक काळजीनें पुसा, एक जोडी मोजे दप्तरांत कोरडी ठेवा. आणि कांहीं दुखूं खुपूं लागलें तर तें झांकूं नका. आम्हां शिक्षकांकडेही एक काम राहतें: तें दाखविण्याची तुम्हांस लाज वाटणार नाहीं असें वागणें.