फळ्यावरचे ठिपके

नववीच्या वर्गात मी सूर्यमाला शिकवत होतो. मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये मी खडूने ठिपकेच ठिपके काढले आणि म्हणालो, "हा लघुग्रहांचा पट्टा. उर्दूत आपण यांना सय्यारचे म्हणतो."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, एवढ्या गर्दीतून यान जाते कसे?"

"जाते कसेतरी. बस खाली."

वर्ग हसला. ती बसली, आणि मग आठवडाभर तिने एकही प्रश्न विचारला नाही. खरे म्हणजे उत्तर मलाच ठाऊक नव्हते.

मी ग्रंथालयातून पुस्तके आणली. वाचल्यावर कळले की माझे चित्रच चूक होते. पट्ट्यात लाखो लघुग्रह आहेत. पण जागा इतकी अफाट, की शेजाऱ्याशेजाऱ्यांत लाखो किलोमीटरचे अंतर! पायोनिअर १० हे यान १९७३ मध्ये हा पट्टा सुखरूप ओलांडून गेले.

वेस्टा नावाच्या लघुग्रहात तर मी गुंगून गेलो. जर्मनीच्या ऑल्बर्स यांनी तो १८०७ मध्ये शोधला. त्याचा सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आहे. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला सुमारे ३.६ वर्षे लागतात. स्वतःभोवती मात्र तो ५ तास २० मिनिटांत फिरतो. म्हणजे आपली शाळा भरून सुटेपर्यंत तेथे एक दिवस आणि एक रात्र उरकते! २०११ मध्ये डॉन यान तेथे पोहोचले व वर्षभर त्याच्याभोवती फिरले. दक्षिणेकडे फार पूर्वी झालेल्या टकरीचा सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. त्याच्या मधोमध एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच डोंगर आहे. अशा टकरींत उडालेले दगड पृथ्वीवरही येतात. १९९६ मध्ये राजस्थानात पिपलिया कलां येथे पडलेला दगड याच जातीचा मानतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणालो, "परवाचे माझे चित्र चुकले होते. तुझा प्रश्न बरोबर होता." मग एक बोर टेबलावर ठेवले. "हा वेस्टा. याचा शेजारी म्हणजे धुळीचा कण, आणि तोही मैदानाच्या पलीकडे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच उठली.

"सर, मी चौदा वर्षांची आहे. वेस्टावर किती वर्षांची?"

मी फळ्यावर भागाकार केला. "अजून चारचीही नाहीस."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी तीही हसली.