घोडा का अडला?

हाटपिपल्याला शिबिर घ्यायचं की नाही, हे अजून ठरत नाही. शेत आहे, विहिरीला पाणी आहे. सोयाबीन निघाल्यावर गहू पेरेपर्यंत जमीन रिकामीच असते. गोल कुंपणाला बांबू मिळतील. इंदूर-देवासकडचे काही हौशी घोडेमालक यायला तयार आहेत, आणि गावातले लग्नाच्या घोड्या बाळगणारेही येऊन बघतो म्हणाले आहेत. लगाम, मोरकी, दोरी सगळं उतरवून मोकळ्या घोड्याशी काम कसं करायचं, आणि मग त्याच समजुतीने स्वारी कशी करायची, हे शिकवणारा माणूसही होकार देऊन बसला आहे. अडलं आहे ते माझ्यापाशी.

अडलं म्हटलं की आजीचं कोडं आठवतं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. देवासला आमच्याकडे हे मराठीत घातलं जायचं आणि भिंतीपलीकडच्या घरात अमीर खुसरोच्या नावावर हिंदीत. दोन्ही घरांतल्या पोरांना उत्तर पाठ होतं, त्यामुळे त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. हल्ली ते माझ्या डोक्यातून जात नाही. भाकरीला करपायचं नसतं, तिला काहीच नसतं. तव्यावर टाकणारी बाई दुसरीकडे बघत राहिली एवढंच. पानाचंही तसंच. तांबोळी रोज ओल्या फडक्यातली चवड उलटीपालटी करतो, डागाळलेलं पान खुडून काढतो. एक दिवस चुकला की सड शेजारच्या पानाला लागते. करपणं आणि सडणं या त्यांच्यावर गुदरलेल्या गोष्टी आहेत. अडणं तशी गोष्ट नाही. चार पाय रोवून, मान वर करून, कान मागे पाडून जो उभा राहतो त्याने काहीतरी ठरवलेलं असतं. कोडं मात्र त्याला भाकरीच्या आणि पानाच्या पंगतीला बसवतं.

यात घोड्याची बाजू घेतली आहे की त्याचा अपमान केला आहे? बाजू घेतली आहे असं म्हणता येईल. घोडा खोडसाळ नाही, त्याला रोज फिरवायला हवा होता, तो तुम्ही फिरवला नाही, दोष तुमचा. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत गुरं राखत घोडे शिकवणारे टॉम डोरन्स आणि रे हंट आयुष्यभर थोड्याफार फरकाने हेच सांगत आले. हंटचं पुस्तक १९७८ मध्ये आलं, डोरन्सचं १९८७ मध्ये. आज जगभर घोड्यांची जी शिबिरं भरतात, त्यांतली बरीचशी या दोघांचं ऋण मानतात. घोडा दाबाने शिकत नाही, दाब ज्या क्षणी निघतो त्या क्षणी शिकतो. म्हणून हात कधी सैल सोडायचा हे माणसाने शिकायचं. हे मला मनापासून पटतं. आपल्याकडे लगाम खेचून धरणारे हात पुष्कळ आहेत, वेळेवर सोडणारे फार थोडे.

पण तेच कोडं घोड्याकडून एक गोष्ट काढूनही घेतं. त्याचा नकार त्याचा राहत नाही, आपल्या हलगर्जीपणाचा पुरावा होतो. दोरी काढायची ती घोड्याला ‘नाही’ म्हणता यावं म्हणून. आणि शिबिर साधलं असं आपण केव्हा म्हणतो? शेवटच्या दिवशी सगळे घोडे आपापल्या माणसामागे मोकळे चालायला लागले म्हणजे. एकही घोडा कुंपणाच्या कडेला पाठ फिरवून उभा राहिला नाही म्हणजे. मग त्या ‘नाही’साठी जागा ठेवली होती कुठे?

मॉन्टी रॉबर्ट्सची ‘जॉइन-अप’ची रीत आता सगळीकडे माहीत झाली आहे. गोल रिंगणात घोड्याला पळू द्यायचं, तो आपल्याकडे वळला की आपण नजर आणि अंग सैल करायचं, आणि थोड्या वेळाने तो आपण होऊन मागे येतो. बघताना डोळे भरून येतात, माझेही आले आहेत. पण सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेला एक प्रयोग आहे. त्यांनी रिंगणात माणसाऐवजी दूरनियंत्रकावर चालणारी छोटी गाडी सोडली. घोडा दूर गेला की गाडी मागे लागायची, तो तिच्याकडे वळला की थांबायची. घोडे गाडीकडेही वळायला लागले. याचा अर्थ माणसाकडे येणारा घोडा माणसाला ओळखत नाही असा होत नाही. पण तो आला म्हणजे त्याने मला निवडलं, एवढंही त्यावरून म्हणता येत नाही. कुंपण गोल असतं, त्यात लपायला कोपरा नसतो.

हे सगळं गावातल्या घोडीवाल्याला मी सांगितलं नाही. त्याने मात्र नेमकं तेच विचारलं: “दीदी, बारात में घोड़ी ने मना कर दिया तो?” देवउठनी ग्यारसपासून पुढे त्याचं घर या घोडीवर चालतं. कानाशी बँड, मागे डीजे, पायांपाशी फटाके, पाठीवर घाबरलेला नवरदेव, आणि जाचणारा लगाम. शिबिरात तीन दिवस तिचं ऐकून घ्यायचं आणि चौथ्या दिवशी जिथे कुणीच ऐकणार नाही तिथे तिला परत पाठवायचं, ही दया आहे की आणखी काही, मला कळत नाही. देवशयनी एकादशीला लग्नं थांबतात. मग चार महिने काळ्या मातीचा चिखल, छपराखाली आगाडी-पिछाडी बांधलेली घोडी, उभ्या उभ्या भरलेले पाय, ओलीने सडणारे खूर. चंदी कमी होते, कारण कमाई नसते. कार्तिकात तिला बाहेर काढतात आणि ती अडते. आजीचं कोडं इथे अक्षरशः खरं ठरतं, आणि सडणंही पानापुरतं राहत नाही.

आपल्या इतिहासात अडलेल्या घोड्यांना एकदाच मोठा मान मिळाला आहे. मोगलांचे घोडे पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा पाण्यात संताजी-धनाजी दिसतात की काय असं स्वार विचारायचे म्हणतात. तिथे न फिरवल्याचा प्रश्न कुणी काढला नाही. घोड्याला काहीतरी दिसलं असेल, असंच सगळ्यांनी धरलं.

आणि मराठी घोड्यांचा विषय निघाला की मला पहिला बाजीराव आठवतो. विरोधी दरबारातून त्याच्या छावणीत एक चित्रकार धाडला होता: ज्या अवस्थेत तो प्रथम दिसेल तसाच काढून आण. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ही हकिगत दिली आहे. चित्रात पेशवा साध्या स्वाराच्या वेषात घोड्यावर आहे, भाला खांद्याला टेकलेला, आणि दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळून तो चालता चालता दाणे खातो आहे. त्याच्या साधेपणाचं उदाहरण म्हणून ही गोष्ट आपण सांगतो. मी मात्र आता फक्त लगामाकडे बघते. तो घोड्याच्या मानेवर सैल टाकलेला आहे. दोन्ही हात कणसांत गुंतले आहेत, म्हणजे घोडा कुठे जातो आहे हे त्या घटकेला घोड्यावर सोपवलेलं आहे. याच पागांनी १७२८ च्या नोव्हेंबरात धारजवळ अमझेऱ्याला चिमाजी अप्पाच्या हाताखाली माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर पाडला. त्याच धामधुमीतून धार आणि देवासला पवारांची राज्यं उभी राहिली, आणि आमच्यासारखी घरं इकडे येऊन माळव्याची झाली. १७४० च्या एप्रिलअखेर बाजीराव गेला तोही इथेच खाली, नर्मदेकाठी रावेरखेडीला. अखंड फिरलेले घोडे होते ते. त्यांच्यातला विश्वास शिबिरात शिकवलेला नव्हता, मैलांमागून मैल तो मुरत गेला होता.

असं म्हणून मी इथे थांबले असते, तर शिबिर नको हे ठरून गेलं असतं. पण त्याच चित्रात आणखी एक तपशील आहे. मराठा स्वाराच्या रिवाजाप्रमाणे घोड्याचा तोबरा मागे अडकवलेला आहे, आणि त्या तोबऱ्यात आगाडी-पिछाडीच्या दोऱ्या आहेत. लगाम सैल आहे, पण मुक्कामाला बांधायची दोरी बरोबर आहे, आणि तीही खाण्याच्या थैलीत. घोडा तेव्हा मोकळा होता का? माणसाला पाठीवर कणसं खाऊ देणारा तो विश्वास होता, की दिवसभर चालून आलेला निमूटपणा? चित्रकाराने घोड्याचे कान कसे काढले होते, हे डफने लिहिलेलं नाही.

शिबिराचं मी दिवाळीनंतर बघेन. तोवर हाटपिपल्या, बागली, सोनकच्छकडे ज्यांच्या दारात घोडी असेल त्यांना विनंती आहे. आषाढी ते कार्तिकी रोज तासभर तरी तिची पिछाडी सोडा, खूर साफ करून कोरड्या जमिनीवर उभी करा, आणि फिरवा. दोरीला धरून फिरवायचं की मोकळं सोडायचं, ते मला अजून सांगता येत नाही.