स्कीची कंबर आणि माझे गुडघे

बे एरियातल्या देशी माणसाला भाड्याच्या स्कीजचा कंटाळा आला की तो एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली. स्कीची कंबर (म्हणजे बुटाखालची रुंदी, खरंच असंच म्हणतात!) ७५ मिमी असेल तर ती दाबून सपाट केलेल्या बर्फावर झकास वळते; १०५ असेल तर ताज्या भुसभुशीत बर्फात तरंगते. ऑल-माउंटन म्हणजे मधलं काहीतरी. ताहोचा बर्फ ओला, जड. त्याला 'सिएरा सिमेंट' म्हणतात ते उगाच नाही. म्हणून ८८ घेतली, ब्रेक ९०चा. विषय संपला.

खरा घोळ बाइंडिंगचा. त्याने बूट धरूनही ठेवायचा आणि पडताना वेळेवर सोडायचाही! किती जोराला सोडायचा हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून निघतो... आणि फॉर्मवर आपण स्वतःला काय म्हणवतो त्यावरून. टाइप १ जपून जाणारा, ३ सुसाट. मित्र म्हणे, "३ लिही रे, लाज काढशील!" अरे पण ३ लिहिलं की आकडा वाढतो, बाइंडिंग सुटायला जास्त जोर लागतो. शिवाय बाइंडिंग वाचवतं ते मुख्यतः नडगीचं हाड. गुडघ्यातल्या एसीएलची हमी ते तसंही देत नाही. आणि मला अजून हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढायचाय.

१ लिहिलं. आकडा आला साडेपाच, बाइंडिंगची रेंज ३ ते ११. कधीतरी उगाचच सुटेल, चालेल. मित्र अजून हसतोय.