बोनेटखालचे विसरलेले प्रश्न

नागपूरच्या रस्त्यांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धावलेल्या अँबॅसेडर, तिच्या आधीची लँडमास्टर आणि त्याहून जुनी हिंदुस्थान टेन या गाड्या हिंदुस्थान मोटर्सच्या असल्या, तरी त्यांचे कूळ ऑक्सफर्डजवळच्या काऊली येथील मॉरिस कारखान्याचे होते. त्यांचे बोनेट उघडले की जिज्ञासू माणसाला एकामागून एक कोडी भेटू लागतात: इंजिन इतके अरुंद आणि उंच का, पान्यांचे वेगवेगळे संच का लागतात, पेट्रोल जिथे पोचते नेमकी तीच जागा सर्वांत तापलेली का. या प्रत्येक विचित्रपणामागे कोणीतरी एकेकाळी विचारलेला रास्त प्रश्न असतो. काळाबरोबर तो प्रश्न विरून जातो आणि त्याचे उत्तर मात्र लोखंडात ओतलेले राहते.

अरुंदपणाचे कोडे करवसुलीत सुटते. इंग्लंडमध्ये १९१० पासून मोटारीवरील कर ज्या ‘अश्वशक्ती’वर ठरे, ती इंजिनाच्या खऱ्या ताकदीशी फारसे नाते नसलेली होती; सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे, एवढाच तिचा हिशेब होता. दट्ट्या किती लांब सरकतो, म्हणजे ज्याला ‘स्ट्रोक’ म्हणतात ती लांबी, या हिशेबात नव्हतीच; म्हणून कर वाचवू पाहणाऱ्या अभियंत्यांनी व्यास आक्रसला आणि स्ट्रोक वाढवला. ज्या मॉरिस टेनवरून हिंदुस्थान टेन घेतली गेली, तिच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे नेमका अडीच इंच आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर होता. अडीचचा वर्ग सव्वासहा, त्याची चौपट पंचवीस, भागिले अडीच, म्हणजे बरोबर दहा. हा कर १९४७ च्या आरंभी रद्द झाला. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत ही गाडी भारतात बनू लागली, तेव्हा तिच्या नावातला ‘दहा’ हा आकडा परक्या देशातल्या, रद्द होऊ घातलेल्या वा झालेल्या एका कराची खूण तेवढा उरला होता.

याच इंजिनाच्या नटबोल्टांत पहिले महायुद्ध दडलेले आहे. पॅरिसजवळच्या सँ-देनी येथील हॉचकिस ही मशीनगन बनवणारी कंपनी होती, आणि जर्मन सैन्य येऊन ठेपेल या भीतीने तिने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला दुसरा कारखाना उभारला. युद्ध संपल्यावर रिकाम्या झालेल्या त्या यंत्रांना मॉरिसने इंजिने बनवण्याचे काम दिले आणि १९२३ मध्ये तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे फ्रेंच असल्यामुळे आटे मेट्रिक पडत, पण इंग्रज गॅरेजांत पाने होते ते जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये मांडलेल्या इंची प्रमाणाचे. म्हणून बोल्टचे आटे मिलिमीटरचे आणि डोके इंचाचे, अशी तडजोड निघाली आणि ती पुढे कित्येक मॉरिस इंजिनांत टिकली. डोक्यावर व्हिटवर्थचा पाना नीट बसतो म्हणून आटेही व्हिटवर्थचेच असणार असे मानून दुसरा बोल्ट आवळला, तर तो दोन वेढ्यांत अडतो किंवा आटे खाऊन टाकतो.

पान्यांचे पुढचे संचही असेच थरांनी साचले. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून स्वीकारलेल्या प्रमाणासाठीच्या पान्यावरचा आकडा डोक्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर सांगतो. त्यामुळे दोन्हींवर अर्धा इंच कोरलेले असूनही एक पाना दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. अँबॅसेडर रस्त्यावर येत होती त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९५८ पासून, भारतात मेट्रिक वजने लागू होऊ लागली. देश किलोग्रॅमकडे वळत असताना त्याची सर्वांत ओळखीची मोटार इंचात घडत होती, आणि बोल्टची जाडी सुतात सांगणारा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात मोजणारा कारागीर या दोन्ही जगांत सारख्याच सहजतेने वावरत होता.

मात्र नागपूरने ज्याची खरी परीक्षा घेतली, ते कोडे उष्णतेचे आहे. १९५९ च्या सुमारास अँबॅसेडरला मिळालेल्या १४८९ सीसीच्या इंजिनात चार सिलिंडरांसाठी आठ झडपा आहेत, पण सिलिंडर-हेडमध्ये दारे पाचच: आत घेण्याची दोन आणि धूर सोडण्याची तीन. झडपा उघडणाऱ्या दांड्या दारांच्याच बाजूने वर चढतात, त्यांना वाट सोडायची म्हणून शेजारच्या सिलिंडरांनी दार वाटून घेतले. धुराच्या दाराची वाटणी निर्वेध ठरते, कारण १-३-४-२ या प्रज्वलनक्रमात दुसरा आणि तिसरा सिलिंडर लागोपाठ येत नाहीत. आत घेण्याच्या दारापाशी मात्र आतल्या सिलिंडरचा श्वास पुरा होण्याआधीच बाहेरचा ओढू लागतो, आणि दोघांचा वाटा कधीच अगदी सारखा होत नाही.

दोन्ही प्रकारची दारे एकाच अंगाला असल्यामुळे कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारे पात्र, तापलेल्या धुरनळीच्या वरच येऊन बसतो. इंग्लंडच्या ओल्या थंडीत हा गुणच होता, कारण कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरण्याचे आणि पेट्रोलचे थेंब वाफ न होता राहण्याचे भय तिथे खरे होते. विदर्भात मे महिन्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पेट्रोलमधले हलके घटक चाळिशीच्या आतबाहेरच उकळू लागतात. वर्ध्याच्या किंवा अमरावतीच्या रस्त्यावर चहापुरती थांबलेली गाडी पुन्हा चालू होत नसे ती यामुळेच: पंखा थांबलेला, पाणी थांबलेले, आणि धुरनळीची धग मात्र वर चढत असते; पेट्रोलचा पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागतो आणि वाफ पुढे ढकलण्यासाठी तो घडवलेलाच नसतो.

यावर चालकांनी शोधलेला उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. तो अडाणी वाटला, तरी त्यामागचे भौतिकशास्त्र वाळ्याच्या तट्ट्यांचेच आहे. पाणी वाफ होताना उष्णता सोबत घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितके ते वेगाने वाफ होते. जिथे अँबॅसेडर बनत असे, त्या हुगळीकाठच्या उत्तरपाड्याच्या दमट हवेत हे फडके ओलेच राहील. नागपूरच्या झळांत ते भराभर सुकते, म्हणजेच भरपूर काम करते. जो उन्हाळा दोष उघडा पाडतो, त्याच्याच कोरडेपणात उतारा सापडावा, हे या शहराच्या हवामानाचे औदार्य म्हणावे लागेल. १९६० पासून येथे भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरात येणाऱ्या सरकारी अँबॅसेडरांना मात्र या फडक्याची गरज पडण्याचे कारण नव्हते, कारण त्या गारठ्यात इंजिनाला त्याचे मूळ हवामान थोडेफार परत मिळत असे.

उत्तरपाड्याचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि या गाड्या संग्राहकांच्या हाती गेल्या. जुन्या गाडीचे मोल ठरवताना ती कारखान्यातून निघाली तशीच आहे का, हे पाहिले जाते; परंतु कारखान्याचे मूळ रूपही कर, युद्ध आणि थंडी यांच्याशी केलेल्या तडजोडींचेच बनलेले असेल, तर त्यावर नागपूरच्या उन्हाने घडवलेला थर परका ठरवण्याला आधार उरत नाही. हॉचकिसच्या आट्यांची नोंद अभियांत्रिकीच्या इतिहासात आहे, ओल्या फडक्याची नोंद कारखान्याच्या पुस्तिकेत सापडणार नाही. म्हणून जतन करणाऱ्याने बोल्ट जपावेतच, पण चालकांचे आणि मेस्त्रींचे उपायही त्याच वहीत, त्याच काळजीने उतरवून ठेवावेत.